गेमचं मराठीकरण, मॉड आणि लायसन्स करार: काय चालतं, काय चालत नाही

अनुस्वार

गेम इन्स्टॉल करताना ज्या करारावर आपण 'मान्य' म्हणतो, त्यात शब्द कितीही बदलले तरी तीन मनाया हमखास असतात: प्रोग्राम उलगडून पाहू नका, त्यात बदल करू नका, बदललेलं कुणाला देऊ नका. मराठीकरणाचा पॅच (मूळ गेमवर चढवायची बदलांची फाइल) बनवायचा तर या तिन्ही गोष्टी कराव्याच लागतात. संवाद बाहेर काढल्याशिवाय भाषांतर होत नाही, भाषांतर परत आत घातल्याशिवाय पडद्यावर दिसत नाही आणि दुसऱ्याला दिल्याशिवाय मराठी खेळाडूला त्याचा उपयोग नाही. म्हणून हा धागा मराठीकरणाच्या उदाहरणावर चालवू. गेम एकट्याने खेळायचा, रीतसर विकत घेतलेला, कथाप्रधान असं धरलं आहे. नवे नकाशे किंवा नव्या गाड्या जोडणारे मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल) हेही याच मापाने मोजता येतात.

या विषयावर दोन मतं ठासून मांडली जातात आणि दोन्ही चूक आहेत. एक, करारात 'नाही' लिहिलंय म्हणजे बदल करणं गुन्हा. दोन, पैसे मोजले म्हणजे वस्तू माझी, तिचं मी काहीही करीन. प्रश्न खरं तर तीन आहेत आणि एकाच कामासाठी तिन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात.

करार मोडला का? हा तुम्ही आणि कंपनी यांच्यातला दिवाणी मामला. त्यात व्यवहारात होणारी कारवाई म्हणजे लायसन्स रद्द, खातं बंद. कॉपीराइटचा भंग झाला का? याचं उत्तर करारात शोधायचं नाही. ते १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, मुख्यतः कलम १४ आणि ५२ मध्ये आहे. कुलूप तोडलं का? म्हणजे नक्कल रोखण्यासाठी बसवलेली तांत्रिक व्यवस्था ओलांडली का? त्यासाठी २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५ए पाहायचं.

भारतीय कायद्यातली सगळ्यात कामाची आणि सगळ्यात कमी चर्चेतली तरतूद म्हणजे ५२(१)(एडी). स्वतः कायदेशीर मार्गाने मिळवलेल्या प्रतीवरून, स्वतःच्या बिगरव्यावसायिक वापरासाठी प्रोग्रामची प्रत काढली किंवा त्याचं रूपांतर केलं, तर तो भंग नाही. आणि 'रूपांतर' या शब्दाची व्याख्या कलम २(ए) मध्ये चांगली ऐसपैस आहे. मांडणीत फेरफार किंवा बदल करून केलेला कुठलाही वापर तीत येतो. याच्या शेजारी आणखी दोन आहेत. (एबी): स्वतंत्रपणे बनवलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवायला लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती काढून घेणं. (एसी): प्रोग्राम कसा चालतो ते पाहणं, अभ्यासणं, तपासणं. ही तिन्ही १९९९ च्या दुरुस्तीने आली.

माझ्या मते घरच्या संगणकावर फाइल बदलून मराठीत खेळण्यापर्यंत भारतात कॉपीराइटचा प्रश्न येत नाही. अडचण सुरू होते ती पॅच वेबवर टाकताना. तिथे नेमकं काय टाकतो यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून तांत्रिक बाजू माहीत असलेल्यांनीही लिहावं.

कलमवाली

अनुस्वार, मांडणी चांगली आहे, पण (एडी)वर तुम्ही तिला पेलणार नाही इतकं ओझं टाकलंय. ती तरतूद 'कॉम्प्युटर प्रोग्राम'पुरती आहे. गेममध्ये प्रोग्राम असतो, त्याखेरीज संवाद ही साहित्यकृती, चित्रं ही कलाकृती, शिवाय संगीत आणि ध्वनिमुद्रण. युरोपच्या न्यायालयाने २३ जानेवारी २०१४ रोजी निन्टेंडो विरुद्ध पीसी बॉक्स या खटल्यात हेच म्हटलं: गेम हा केवळ प्रोग्राम नाही, त्यातल्या चित्र-ध्वनींना स्वतंत्र संरक्षण आहे. तो निकाल भारतात बंधनकारक नाही, पण आपल्या कायद्याची रचना पाहिली तरी तिथेच पोचतो.

मग संवादांचं काय? त्यांना ५२(१)(ए)(i) मधला खाजगी वापरासाठीचा उचित व्यवहार लागू होतो. त्या कलमातून प्रोग्राम मुद्दाम वगळलेला आहे. प्रोग्रामला (एडी), बाकीच्याला (ए)(i), अशी दोन पांघरुणं जोडून अंग झाकलं जातं. दोन्ही घराच्या उंबरठ्यापाशी संपतात.

बाहेर पडलात की कलम १४(ए) समोर येतं. भाषांतर करणं आणि ते प्रसिद्ध करणं हा तिथे मालकाचा स्वतंत्र हक्क आहे, रूपांतरापेक्षा वेगळा मोजलेला. 'फुकट वाटतोय' हा त्यावर बचाव नाही. फुकट असल्याने नुकसानभरपाईची रक्कम कमी होईल आणि कंपनीची कारवाईची इच्छाही कमी होईल, इतकंच.

कराराबद्दल. युरोपात संगणक प्रोग्रामविषयीच्या २००९ च्या निर्देशात अनुच्छेद ८ आहे: ग्राहकाला दिलेल्या ठराविक मुभा करारातून काढून घेतल्या तर ते कलम रद्दबातल. आपल्या कायद्यात असं वाक्य नाही. कलम ५२ म्हणतं 'कॉपीराइटचा भंग होत नाही'. 'करार मोडला नाही' असं ते म्हणत नाही. म्हणून घरी केलेला बदल कॉपीराइटच्या दृष्टीने स्वच्छ आणि तरीही करारभंग, असं होऊ शकतं. मात्र करार कायद्याच्या कलम ७३ खाली भरपाई मागायची तर नुकसान दाखवावं लागतं. एकट्याने खेळायच्या गेममध्ये स्वतःपुरती मराठी अक्षरं आणल्याने कंपनीचं काय नुकसान झालं, हे दाखवणं अवघड आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २ मार्च २०२१ च्या इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस निकालाचा दाखला इथे कुणीतरी देईलच, म्हणून आधीच लिहिते. अंतिम ग्राहकाला लायसन्सखाली दिलेली सॉफ्टवेअरची प्रत म्हणजे मालाची विक्री, असं न्यायालयाने म्हटलं हे खरं. पण प्रश्न प्राप्तिकराचा होता, परदेशी कंपनीला दिलेले पैसे रॉयल्टी धरायचे की नाही याचा. त्याच निकालात हेही आहे की ग्राहकाला कॉपीराइटमधला कुठलाही हक्क मिळत नाही. 'माल माझा' एवढंच वाक्य उचलून पॅच वाटता येणार नाही.

भटका_बिट

वाटपाच्या तांत्रिक बाजूबद्दल. सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे बदललेली फाइल जशीच्या तशी अपलोड करणं. युनिटी या गेम-इंजिनवरच्या गेममध्ये संवाद रिसोर्सेस-डॉट-अ‍ॅसेट्ससारख्या फाइलमध्ये असतात. त्यात शंभर केबी मजकूर तुमचा आणि शेकडो एमबी चित्रं, आवाज कंपनीचे. ती फाइल झिप करून टाकली की तुम्ही गेमचा तुकडाच वाटलात. इथे करार वाचायचीही गरज उरत नाही.

म्हणून फरकाचा पॅच द्यायचा. पण पॅचचा प्रकारही पाहून घ्या. जुन्या रॉमसाठीचा (कार्ट्रिजवरच्या गेमच्या प्रतीसाठीचा) आयपीएस हा प्रकार अजून वापरात आहे. त्यात प्रत्येक नोंद म्हणजे ३ बाइटचा पत्ता, २ बाइटची लांबी आणि मग नवा डेटा. मूळ फाइलमधून 'इथून इतकं उचल' असं सांगायची सोय त्यात नाही. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, इंग्रजीचं १. मजकूर लांबला की त्यापुढची सगळी फाइल सरकते आणि आयपीएसला सरकलेला प्रत्येक बाइट 'नवा' वाटतो. परिणामी पॅचमध्ये कंपनीचा अर्धा डेटा भरला जातो. करणाऱ्याला वाटतं आपण फक्त फरक दिला, आणि हातात असते मूळ गेमची बरीचशी प्रत. शिवाय पत्ता ३ बाइटचा असल्याने १६ एमबीपुढे तो चालतच नाही.

बीपीएस किंवा एक्सडेल्टा हे पॅचचे प्रकार वापरा. दोन्हींत मूळ फाइलमधून उचलण्याची आज्ञा असते, त्यामुळे सरकलेला भाग पॅचमध्ये येत नाही. बीपीएसमध्ये मूळ फाइल, तयार फाइल आणि पॅच या तिन्हींचा सीआरसी-३२ (फाइल बरोबर आहे का ते ताडायचा आकडा) असतो. चुकीच्या आवृत्तीवर पॅच लागतच नाही आणि 'गेम काळा पडला' छापाच्या तक्रारी येत नाहीत.

मूळ फाइल आतून दाबलेली असेल तर आधी उघडा, मग फरक काढा. दाबलेल्या फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी पुढचे बाइट ओळखू येत नाहीत आणि एक्सडेल्टाही सगळं नवं धरतो. तपासायची रीत सोपी: पॅचचा आकार तुमच्या मजकुराच्या आकाराशी ताडून बघा. मजकूर २०० केबीचा आणि पॅच ४० एमबीचा असेल तर थांबा. मग दुय्यम कॉम्प्रेशन बंद करून पॅच पुन्हा बनवा आणि त्यातली वाचता येणारी अक्षरं काढून बघा. मूळ इंग्रजी संवाद सलग दिसले तर काहीतरी चुकलंय.

रेनपाय या कथाप्रधान गेमच्या इंजिनवरच्या गेममध्ये आणखी एक खाच आहे. त्याची स्वतःची भाषांतर-सोय टीएल फोल्डरात फाइली बनवून देते आणि प्रत्येक अनुवादाच्या डोक्यावर मूळ ओळ टिप्पणी म्हणून ठेवते. तसाच फोल्डर दिला तर इंग्रजीतली संपूर्ण संहिता तुम्ही वाटली. संवादांची ओळख लेबल आणि आठ हेक्स अंकांचा हॅश (मूळ ओळीवरून काढलेली आकडी खूण) यावरून पटते, टिप्पणीवरून नाही. त्यामुळे टिप्पण्या बिनधास्त काढा. मेन्यूच्या मजकुरात मात्र 'ओल्ड' ओळ लागतेच, ती काढली तर अनुवाद दिसणार नाही. आणि गेमकर्त्याने मूळ वाक्यात एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश बदलतो, ती ओळ परत इंग्रजीत दिसते. म्हणून पॅचच्या नावात गेमची आवृत्ती लिहा.

टाचण

+१, आयपीएसचा मुद्दा पहिल्यांदाच इतका स्पष्ट वाचला. पण यातून एक गैरसमज होऊ नये. 'माझ्या फाइलमध्ये त्यांचा एकही बाइट नाही, म्हणून मी मोकळा' हे खरं नाही.

मायक्रो स्टार विरुद्ध फॉर्मजेन, अमेरिकेचं नववं सर्किट (संघीय अपील न्यायालय), १९९८. ड्यूक न्यूकम ३डी बरोबर नकाशे बनवायचं साधन मिळायचं आणि करारात मुभा होती की केलेले नकाशे इतरांना फुकट द्या. मूळ गेममध्ये २९ नकाशे. मायक्रो स्टारने खेळाडूंनी बनवलेले ३०० नकाशे गोळा करून सीडीवर विकले. त्यांचा बचाव तांत्रिकदृष्ट्या अचूक होता: नकाशाच्या फाइलमध्ये एकही चित्र नाही, कुठलं चित्र कुठे ठेवायचं याच्या सूचना आहेत, चित्रं खेळाडूच्या स्वतःच्या प्रतीतून येतात. न्यायालयाने तो मानला नाही. त्या सूचनांमधून पडद्यावर उभी राहते ती ड्यूकचीच पुढची गोष्ट, आणि पुढचा भाग काढायचा हक्क मालकाचा.

याच न्यायालयाने १९९२ मध्ये गलूब विरुद्ध निन्टेंडो खटल्यात गेम जिनी या उपकरणाला मोकळं सोडलं होतं. ते कार्ट्रिज आणि कन्सोल यांच्या मधे बसून जाता-जाता काही आकडे बदलायचं. बदल कुठेही टिकून राहत नसे. नकाशाची फाइल मात्र कायम टिकणारी. दोन निकालांतला फरक इथे आहे.

भाषांतर तर याहून उघडं आहे. मूळ ओळ काढून टाकलीत तरी मराठी ओळ ही त्याच संवादाचं भाषांतर राहतेच. भटका_बिट यांनी सांगितलेली काळजी घेतली तर दोन भंगांतला मोठा टळतो, दुसरा परवानगीशिवाय टळत नाही.

भटका_बिट

सहमत. मी जे लिहिलं ते परवानगीला पर्याय म्हणून नाही. उलट परवानगी मागताना 'पॅचमध्ये तुमचं काहीही नाही, मूळ गेम विकत घेतल्याशिवाय तो चालत नाही' हे खरेपणाने सांगता आलं तर होकार मिळायला मदत होते.

राइनकाठ

मराठीकरणाच्या चमूत पुण्याचा एक, जर्मनीतला एक, अमेरिकेतला एक असं सहज असतं आणि प्रत्येकाला लागणारा कायदा वेगळा. युरोपातली स्थिती थोडक्यात.

१७ ऑक्टोबर २०२४ चा सोनी विरुद्ध डेटेल निकाल महत्त्वाचा आहे. पीएसपी या सोनीच्या हातातल्या कन्सोलवर मोटरस्टॉर्म: आर्क्टिक एज या गेममध्ये अमर्याद टर्बो देणारं डेटेलचं सॉफ्टवेअर होतं. ते गेमच्या कोडला हात लावत नव्हतं. गेम चालू असताना मेमरीत ठेवलेल्या चलांच्या (व्हेरिएबलच्या) किमती बदलत होतं. न्यायालय म्हणालं, २००९ चा निर्देश संरक्षण देतो ते सोर्स आणि ऑब्जेक्ट कोडच्या अभिव्यक्तीला. चालताना मेमरीत येणाऱ्या किमती त्यात येत नाहीत.

त्याआधी ६ ऑक्टोबर २०२१ ला टॉप सिस्टम खटल्यात रीतसर विकत घेणाऱ्याला चुका दुरुस्त करण्यासाठी प्रोग्राम उलगडता येतो, असा निकाल आला. मात्र चुका दुरुस्त करण्याची ही मुभा कराराच्या ठराविक अटींनी बांधता येते. जुळवून घेण्यासाठी उलगडण्याची मुभा, अनुच्छेद ६ मधली, करारातून काढून घेता येत नाही. कलमवालींनी सांगितलेला अनुच्छेद ८ तो हाच.

भटका_बिट

डेटेलच्या निकालाचा हवाला युनिटी मॉडसाठी सर्रास दिला जातो, तिथे सावध राहा. बेपइनएक्स हे मॉड चढवायचं साधन गेम सुरू होताना स्वतःला आत चढवतं आणि हार्मनी ही लायब्ररी चालत्या गेममधल्या फंक्शनचा कोडच मेमरीत बदलते. डिस्कवरची फाइल जशीच्या तशी राहते हे खरं, पण 'फक्त चलांच्या किमती बदलल्या' असं म्हणता येत नाही. तो निकाल इथपर्यंत पोचत नाही.

आणि बेपइनएक्सवर चालणाऱ्या स्वयंअनुवादाच्या प्लगइनची फाइल 'मूळ ओळ = अनुवाद' अशी असते. म्हणजे पुन्हा सगळी इंग्रजी संहिता वाटपात. स्वतःचा प्लगइन लिहीत असाल तर किल्ली म्हणून मूळ वाक्य न ठेवता त्याचा ६४ बिटचा हॅश किंवा गेममध्येच असलेला ओळीचा आयडी ठेवा. आयडी केव्हाही बरा. एकच 'येस' दोन ठिकाणी आला तर कुठे 'हो' आणि कुठे 'होय' हे हॅशला कळत नाही.

जोडाक्षर

फाँटचं लायसन्स सगळे विसरतात, आणि मराठी पॅचमध्ये तक्रार यायची ही दुसरी जागा आहे. विंडोजबरोबर येणारे मंगल किंवा निर्मला यूआय पॅचमध्ये घालून वाटता येत नाहीत. गेमचा करार बाजूला राहिला, हा मायक्रोसॉफ्टच्या लायसन्सचा भंग होतो. ओपन फाँट लायसन्सवाले घ्या: मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता, बलू किंवा गूगलचा नोटो सान्स देवनागरी. अटी सोप्या आहेत. लायसन्सची फाइल सोबत ठेवायची, फाँट सुटा विकायचा नाही, बदललेला फाँटही त्याच लायसन्सखाली ठेवायचा. आणि मूळ फाँटने नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्याला ते नाव द्यायचं नाही.

ही शेवटची अट आपल्याला नेमकी लागते. युनिटीचं टेक्स्टमेशप्रो (मजकूर दाखवणारा भाग) देवनागरी नीट जुळवत नाही. 'कि' लिहिलं की वेलांटी क च्या नंतर येते आणि 'क्ष' हलन्तासकट फुटतो. त्यावरची नेहमीची तोड म्हणजे जोडाक्षरांचे तयार आकार फाँटच्या खाजगी वापराच्या कोडांवर बसवायचे आणि मजकूर आधीच त्या कोडांत बदलून घ्यायचा. असं केलं म्हणजे फाँट बदलला. नाव बदला, सोबत लायसन्स ठेवा. गोडो ४ या इंजिनमध्ये अक्षरं जुळवायला हार्फबझ ही लायब्ररी आतच असल्याने ही कसरत लागत नाही.

सर्व्हरराखण

ऑनलाइन गेमबद्दल. वरचं सगळं विश्लेषण तिथे दुय्यम ठरतं, कारण कंपनीला कोर्टात जावंच लागत नाही. फसवणूकविरोधी यंत्रणेला फाइल बदललेली दिसली की खातं बंद, आणि ते करारात बसतं. मॉड लावून खेळायचं तर एल्डन रिंगसारख्या गेममध्ये ईझी अँटी-चीट बंद ठेवून, ऑफलाइन सुरू करतात आणि जतन केलेल्या फाइलींची वेगळी प्रत वापरतात. मॉडवाली जतन-फाइल नंतर ऑनलाइन नेली तर तिच्यातल्या अशक्य आकड्यांवरून बंदी येऊ शकते. मराठी फाँट लावला की फसवणूक केली, हे यंत्रणेला वेगळं कळत नाही. तिला फक्त फाइल जुळत नाही एवढं दिसतं.

एमडीवाय विरुद्ध ब्लिझर्ड, नववं सर्किट, डिसेंबर २०१०, हा करार आणि कॉपीराइट यांच्यातली सीमा सांगणारा निकाल म्हणून वाचावा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आपोआप खेळणारा ग्लायडर हा बॉट होता. कोर्टाने म्हटलं, करारात बॉटला मनाई आहे, पण ती मोडणं हा करारभंग, कॉपीराइटचा भंग नव्हे. कॉपीराइटचा भंग व्हायला ती अट लायसन्सच्या व्याप्तीची हवी आणि मोडणारी कृती मालकाच्या एखाद्या कॉपीराइट-हक्कात शिरणारी हवी. इथपर्यंत एमडीवाय जिंकले. हरले ते कुलपाच्या प्रश्नावर: ब्लिझर्डची वॉर्डन यंत्रणा चुकवणारं साधन विकलं म्हणून. अनुस्वार यांच्या पहिल्या पोस्टमधले तिन्ही प्रश्न एकाच निकालात, तीन वेगळी उत्तरं घेऊन आलेत.

उलट बाजूचा निकाल बीनेटडीचा, आठवं सर्किट, २००५. बॅटलनेटला पर्यायी सर्व्हर लिहिणाऱ्यांनी प्रोग्राम उलगडला होता. कोर्टाने करारातली उलगडण्यावरची मनाई वैध धरली. जुळवून घेण्याच्या अपवादाचा आधारही मिळाला नाही, कारण त्यांच्या सर्व्हरवर चोरीच्या प्रतीही चालायच्या.

कलमवाली

कुलपाबाबत भारतातला फरक नोंदवते. कलम ६५ए मध्ये 'हक्कभंग करण्याच्या हेतूने' हे शब्द आहेत, आणि कायद्याने स्पष्ट मनाई नसलेल्या कामासाठी कुलूप ओलांडलं तर अपवाद आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे स्वतःच्या प्रतीतले संवाद वाचायला, स्वतःपुरतं, कुलूप ओलांडलं तर बचाव बराच भक्कम आहे. पण दुसऱ्याला कुलूप ओलांडायला मदत केलीत, तर त्या व्यक्तीचं नाव, पत्ता, तपशील आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची अट त्याच कलमात आहे. वेबवर कुणालाही उतरवता येईल असं साधन ठेवून ही नोंद होणं शक्य नाही. म्हणून कुलूप काढलेली एक्झिक्युटेबल (गेम सुरू करणारी फाइल) पॅचबरोबर कधीच देऊ नका.

टाचण

अठरा वर्षांखालच्या मॉडकर्त्यांचं काय? 'अज्ञानाशी केलेला करार रद्द, म्हणून मला काहीच लागू नाही' असं म्हणतात.

कलमवाली

करार कायद्याचं कलम ११ आणि १९०३ चा मोहरीबीबी निकाल यांमुळे करार शून्य ठरतो, हे बरोबर. पण कॉपीराइट कायदा करारावर अवलंबून नाही. करार गेला म्हणजे कंपनीने करारातून दिलेली मुभाही गेली. उरतं फक्त कलम ५२, जे प्रौढालाही तेवढंच मिळतं. आणि सर्व्हरवर घुसखोरी असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ वेगळीच.

सर्व्हरराखण

परवानगी आधीच दिलेली असते असे गेम निवडणं हा सगळ्यात सरळ रस्ता. माइनक्राफ्टचा करार मॉडला मुभा देतो, अट ही की मॉडमध्ये त्यांच्या कोडचा किंवा सामग्रीचा मोठा भाग नको आणि बदललेला अख्खा गेम वाटायचा नाही. स्पिगॉट हा माइनक्राफ्टचा बदललेला सर्व्हर म्हणूनच तयार जार (प्रोग्रामची) फाइल देत नाही. त्याचं बिल्डटूल्स हे साधन तुमच्या मशीनवर मूळ सर्व्हर उतरवतं, त्यावर पॅच चढवतं आणि जार तिथेच बांधतं. यामागे सप्टेंबर २०१४ ची घटना आहे: क्राफ्टबुकिट या आधीच्या सर्व्हरमध्ये माइनक्राफ्टवाल्या मोजँगचा कोड आणि खुल्या लायसन्सचा कोड मिसळलेला होता, आणि त्यातल्याच एका योगदानकर्त्याने हटवण्याची नोटीस दिली. सगळं वाटप थांबलं.

मराठी चमूनेही यातून एक गोष्ट घ्यावी. कामाला लागण्याआधी प्रत्येक अनुवादकाकडून लेखी घ्या की त्याचा अनुवाद कुठल्या अटींवर वापरायचा. नाहीतर दोन वर्षांनी एकजण 'माझ्या ओळी काढा' म्हणाला की पॅच बसला.

दुसरा चांगला नमुना ओपनएमडब्ल्यूचा: इंजिन नव्याने लिहिलेलं आणि खुलं, मॉरोविंड या गेमचा डेटा मात्र खेळाडूने विकत घ्यायचा. डूमचंही तसंच. इंजिनचा कोड १९९७ मध्ये खुला झाला आणि १९९९ मध्ये जीपीएल या खुल्या लायसन्सखाली आला, पण नकाशे आणि चित्रं असलेली वॅड फाइल आजही कॉपीराइटखाली आहे. इंजिन खुलं म्हणजे गेम खुला असं धरू नका.

राइनकाठ

जपान विसरू नका, त्यांच्या गेमवर मराठीकरण करायची इच्छा बऱ्याच जणांची असते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २००१ रोजी टोकिमेकी मेमोरियल या गेमच्या खटल्यात, वाढवलेले आकडे भरलेलं मेमरी कार्ड विकणं हा निर्मात्याच्या कृतीच्या अखंडतेच्या हक्काचा भंग ठरवला. आकडे वाढले की कथा मूळ मर्यादेबाहेर जाते, हे कारण. युरोपातल्या डेटेल निकालाच्या जवळजवळ उलट.

कलमवाली

आपल्याकडे तो हक्क कलम ५७ मध्ये आहे, पण बदलाने लेखकाच्या मानाला किंवा लौकिकाला बाधा यावी लागते. म्हणून अनुवादात स्वतःच्या शिव्या किंवा राजकीय शेरे घुसडू नका. परवानगी असली तरी या कलमाची तक्रार वेगळी उभी राहते.

अनुस्वार

सगळ्यांच्या मुद्द्यांवरून परवानगीच्या मेलमध्ये हे असावं असं वाटतं: गेमचं नाव आणि नेमकी आवृत्ती. कुठल्या फाइलींना हात लागतो. पॅच बीपीएस किंवा एक्सडेल्टा प्रकारचा, मूळ प्रतीशिवाय न चालणारा. मोफत, देणगीचं बटण नाही. फाँट कोणता आणि त्याचं लायसन्स काय. नमुना म्हणून वीस-पंचवीस ओळींचा अनुवाद आणि दोन स्क्रीनशॉट. कंपनी पुढे स्वतः मराठी आणणार असेल तर पॅच काढून घेऊ किंवा अनुवाद त्यांना देऊ, हे वाक्य. मेल प्रकाशकाला पाठवायचा की निर्मात्याला, हे करारात मालक म्हणून कुणाचं नाव आहे त्यावरून ठरवा. छोट्या गेममध्ये निर्माता 'चालेल' म्हणतो आणि हक्क प्रकाशकाकडे असतात. देणगीबाबत कुणाचं वेगळं मत?

टाचण

देणगी नकोच. स्कायरिमचे मॉड स्टीमवर विकायची सोय २३ एप्रिल २०१५ ला आली आणि २७ एप्रिलला मागे घ्यावी लागली; तिथे तर कंपनीची परवानगी होती आणि मॉडकर्त्याला २५ टक्के मिळणार होते. दुसऱ्यांच्या मॉडचे तुकडे वापरलेले मॉड विक्रीला आले आणि आपसातच तक्रारी सुरू झाल्या. पैसा आला की प्रत्येक ओळीची मालकी विचारली जाते.

हटवण्याची नोटीस आली तर: अमेरिकी होस्टवर (फाइल ठेवणाऱ्या सेवेवर) उलट नोटीस देता येते आणि समोरच्याने दावा लावला नाही तर १० ते १४ कामाच्या दिवसांत फाइल परत येते. पण उलट नोटिशीत खरं नाव, पत्ता आणि अमेरिकेच्या संघीय न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य असल्याचं लिहून द्यावं लागतं. परवानगी हातात नसेल तर ती देऊ नका, पॅच काढून घ्या. भारतीय होस्टवर २०१३ च्या कॉपीराइट नियमांचा नियम ७५ लागतो: तक्रारीनंतर ३६ तासांत बंद, आणि २१ दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर होस्टला फाइल परत सुरू करता येते.

कलमवाली

मेलच्या मसुद्यात तीन ओळी वाढवा. परवानगीला भारतीय कायदा लागू झाला तर कलम ३०ए मार्फत कलम १९ चे नियम येतात. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, म्हणजे न्यू जर्सीच्या मराठी खेळाडूला पॅच देता येणार नाही. आणि मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो संपतो, वेगळं ठरलं नसेल तर. दोन-तीन लाख शब्दांच्या गेमचं मराठीकरण फावल्या वेळात वर्षभरात होत नाही. तेव्हा 'जगभर', 'कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी' आणि 'एक वर्षाची अट लागू नाही' हे तीन शब्दप्रयोग पहिल्याच मेलमध्ये घाला. होकार आल्यावर दुसऱ्यांदा मागायला गेलात तर ते वकिलाकडे पाठवतील.